फेरीबोटीत विचारू नये

प्रश्न: ताई, नमस्कार. मी डिचोलीचा, वय ३३. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीत आठ वर्षं आहे, क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधाचे नमुने तपासायच्या कामात. सकाळी पावणेसातला कंपनीची बस पकडतो. जुनें गोवें, बांबोळी करत बस आगशीला येते आणि तिथं ती चढते. ती क्यूएमध्ये आहे, म्हणजे लॅबचे रिपोर्ट पुन्हा तपासणाऱ्या खात्यात. २०२२ च्या पावसाळ्यात लागली. तेव्हा जुवारीचा जुनाच पूल होता आणि कुठ्ठाळीच्या ट्रॅफिकमध्ये बस कधी कधी पाऊण तास अडकायची. सगळे कंपनीला शिव्या घालायचे, मी मात्र खुशीत असायचो. डिसेंबरात नवा पूल सुरू झाला आणि आगशी ते वेर्णा दहा-बारा मिनिटांवर आलं. तेव्हा मला जे वाटलं त्यावरून मलाच कळलं की प्रकरण गंभीर आहे.

मी सोमवारी मासे खात नाही हे तिच्या लक्षात आहे. ती ख्रिश्चन, घरी रोजचं माशाचं हुमण. पण सोमवारी माझ्यासाठी अळसांद्याचं तोणाक (कडधान्याचा रस्सा) आणि पोई (इथला पाव) आणते. खिडकीकडची जागा ठेवते. ऑडिटच्या दिवसांत रात्री दहालासुद्धा मेसेज करते, पुढे हसरा चेहरा असतो. एकदा मी चार दिवस तापानं घरी होतो. आल्यावर म्हणाली, 'तूं नासलो जाल्यार बस रिती दिसता,' म्हणजे तू नसलास तर बस रिकामी दिसते. (नाताळात तिच्या स्टेटसवर एका तारवट्याबरोबर, म्हणजे बोटीवरच्या खलाशाबरोबर, फोटो होता, पण तो चुलतभाऊही असू शकतो.)

घरी आई स्थळं बघतेय. चवथीनंतर, म्हणजे गणेशचतुर्थीनंतर, एका मुलीला बघायला जायचं ठरवून टाकलंय. माझा लॅबमधला मित्र म्हणतो, 'तू गप्प राहा, मी तिच्या कानावर घालतो.' मला वाटतं, या चवथीला बसमधल्या चार-पाच जणांना घरी बोलवावं, त्यात तिलाही, आणि त्या दिवशी सांगून टाकावं. पण नाही म्हणाली तर रोज तीच बस, आणि माझे सगळे रिपोर्ट तपासून सही तीच करते. विचारू की सोडून देऊ?
— एक वाचक, डिचोली

उत्तर: अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि तीन ठिकाणी पेन्सिलीनं रेघ मारली. एक रेघ तोणाकाखाली, एक कंसाखाली आणि एक शेवटून दुसऱ्या वाक्याखाली. बसचं वाक्य मला फार आवडलं, त्याला रेघ मारायची गरज नव्हती.

आधी तोणाक. मी पणजीत एका बँकेत तेहतीस वर्षं काढली. आमच्या शाखेत अकरा माणसं होती आणि कोण सोमवारचा, कोण गुरुवारचा, कोण संकष्टीचा आणि कोण नुसता श्रावणापुरता, हे मला पाठ होतं. सोमवारी मी एक डबा जास्त न्यायची. त्या अकरांपैकी एकावरही माझं प्रेम नव्हतं, दोघांशी तर माझं पटतही नव्हतं. आपल्याकडे माणसाचा शिवराक (शाकाहारी) वार लक्षात ठेवणं ही साधी माणुसकी आहे. आणि ती शिकायला गोव्यात धर्म आडवा येत नाही. तेव्हा तोणाक बाजूला ठेव. खिडकीची जागाही ठेव. रात्री दहाचा मेसेज ऑडिटचा आहे, तोही ठेव, हसऱ्या चेहऱ्यासकट. माझी सून दूधवाल्यालाही तो चेहरा पाठवते.

'बस रिती दिसता' मात्र मी बाजूला ठेवणार नाही. तसं सगळ्यांना म्हणत नाहीत. त्याचा अर्थ तुला हवा तोच असेल असं नाही, पण त्यात काहीतरी आहे.

आता कंस. तीन वर्षांहून जास्त काळ शेजारी बसतोस. तिच्या डब्यात काय असतं, ती कुठल्या वारी काय आणते, सगळं मला लिहिलंस. तिला पुढे काय करायचंय, तिच्या घरी कोण आहे, आगशीतच राहायचंय की इतरांसारखं पोर्तुगीज पासपोर्ट काढून बाहेर जायचंय, यातलं एक अक्षर नाही. आणि ज्या माणसामुळे सगळा प्रश्नच मिटू शकतो तो माणूस तू कंसात कोंबलास आणि वर त्याला चुलतभाऊ करून टाकलंस! चुलतभाऊ असेल तर देव पावला. पण ते तू विचारलं का नाहीस? नाताळात बसमध्ये सहज, 'स्टेटसवर कोण होता गं, बोटीवर असतो काय?' असं कुणीही विचारतं. तू विचारलं नाहीस कारण उत्तराची भीती वाटली. एवढी एक गोष्ट बसमध्ये विचारायला माझी परवानगी आहे. बाकी काही बसमध्ये विचारायचं नाही. का, ते सांगते, जरा लांबेल.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा पूल पडला. तुझा तेव्हा जन्मही नव्हता. मी म्हापशाहून यायची. दुसऱ्या दिवसापासून आमचं आयुष्य फेरीवर आलं: म्हापशाहून बसनं बेती, बेतीला रांग, मग फेरी, मग पणजीचा धक्का. पाऊस असा की छत्री उघडून उपयोग नाही आणि मिटून तर नाहीच. स्कूटरी, सायकली, मासळीच्या पाट्या, शाळेची मुलं, सगळी त्या एका लोखंडी तळावर. मी तेव्हा नुकतीच ऑफिसर झाले होते, वय सत्तावीस. आमचा हेड कॅशियर पर्वरीचा, त्यालाही तीच फेरी. सभ्य माणूस, नोटा मोजताना ओठ हलवायचा. पंधरा-वीस दिवस आम्ही शेजारी उभे राहून पलीकडे गेलो. मला त्याचं बोलणं आवडायचंही, खोटं कशाला सांगू.

ऑगस्टमधल्या एका सकाळी, फेरी मधल्या पाण्यात असताना, त्यानं विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं. पण मी जाऊ कुठे? पुढे पाणी, मागे पाणी, डाव्या हाताला कुणाचीतरी व्हेस्पा, आणि तिच्यावर बसलेला माणूस कान टवकारून. धक्का यायला पाच मिनिटं असतील. त्या पाच मिनिटांत मी एका म्हातारीच्या पाटीतले बांगडे मोजले. सतरा होते.

त्यानंतर मी एक फेरी उशिरानं जायला लागले. आता इथं बँकेची एक गोष्ट तुला माहीत नसेल. शाखेच्या तिजोरीला दोन चाव्या असतात, दोन वेगवेगळ्या माणसांकडे. एक चावी त्याच्याकडे, एक माझ्याकडे. दोघं एकत्र उभे राहिल्याशिवाय ती उघडत नाही. मी उशिरा म्हणजे तिजोरी बंद, म्हणजे काउंटरवर रोकड नाही, म्हणजे पेन्शनवाले रांगेत ताटकळत. आठवड्यात तीन लाल खुणा पडल्या माझ्या नावापुढे मस्टरवर. मॅनेजरसाहेबांनी आत बोलावून विचारलं, 'बाई, सगळ्यांनाच फेरी आहे, तुम्हालाच उशीर कसा?' काय सांगणार? तो बिचारा पहिल्या फेरीनं येऊन, चावी हातात धरून, तिजोरीसमोर उभा असायचा. त्याचं मस्टर स्वच्छ.

त्यानं विचारलं याचा मला आजही राग नाही. जिथून उतरता येत नाही अशा जागी विचारलं याचा आहे. आणि दोन चाव्या तशाच ठेवून विचारलं, याचा जास्त.

तुझ्या पत्रात मी तिसरी रेघ मारली ती इथंच. 'माझे सगळे रिपोर्ट तपासून सही तीच करते.' तू हे स्वतःच्या पंचाईतीसारखं लिहिलं आहेस. मला ती तिची पंचाईत दिसते. माझा भाचा तुमच्याच धंद्यात आहे, त्याला मी फोन करून विचारलं. तो म्हणाला, मावशी, एचपीएलसी नावाच्या तपासणीच्या यंत्रावर ज्यानं सॅम्पल लावलं त्याचा रिझल्ट दुसऱ्यानं तपासायचा, मगच बॅच सुटते, आणि तपासणारा माणूस लॅबच्या माणसाला बांधलेला नसावा म्हणून तर क्यूए वेगळं खातं. आता बघ. ती नाही म्हणाली आणि पुढच्या आठवड्यात तिनं तुझ्या रिपोर्टवर शेरा मारला, तर लॅब म्हणणार, नाही म्हटलं ना, म्हणून राग काढते. शेरा नाही मारला तर म्हणणार, बिचारीला अवघडल्यासारखं झालंय. हो म्हणाली तर आणखी वाईट, कारण तिच्या प्रत्येक सहीला वास येणार. आणि शेवटी त्या बॅचच्या गोळ्या कुणाच्यातरी आजीच्या पोटात जायच्या आहेत. तिन्ही बाजूंनी तिचं नाव खराब होतं, तुझं नाही.

म्हणून विचारण्याआधी चावी बदल. तुझ्या मॅनेजरकडे जा आणि दुसऱ्या सेक्शनला बदली माग. कच्चा माल, स्टॅबिलिटी, जे काय असेल ते, फक्त ते काम तपासायला तिच्याकडे जाता कामा नये. आठ वर्षं झालीत, माणसं नवीन काही शिकायचंय म्हणून मागतातच. तिचं नाव काढायचं नाही, अर्धंसुद्धा नाही. बदली मिळायला दोन महिने लागले तर दोन महिने थांबायचं. आणि एवढ्यासाठी सेक्शन बदलायचा तुला कंटाळा आला, तर मग हे सगळं बसमधल्या खिडकीपुरतंच होतं असं समज आणि आईनं ठरवलेल्या मुलीकडे स्वच्छ मनानं चहा प्यायला जा.

बदली झाली, तारवटी चुलतभाऊ निघाला, तर मी म्हणते विचार. मनात ठेवून आणखी तीन वर्षं तोणाक खात बसू नकोस.

पण चवथीला नाही! हे वाचून मी कपाळाला हात लावला. घरात गणपती, वर टांगलेल्या फळा-पानांच्या माटोळीखाली बसलेल्या तुझ्या चार आत्या, आई खतखतें वाढतेय, आणि बसमधली माणसं हातात नेवऱ्या घेऊन बघताहेत. तिथं ती नाही कशी म्हणेल? ती पाहुणी आहे, तुमच्या देवासमोर आहे, आणि आगशीहून डिचोलीला बहुतेक तुमच्यापैकीच कुणाच्या गाडीतून आली आहे. ती माझी फेरीच झाली, फक्त वर माटोळी बांधलेली. चवथीला बोलावायचं तर सगळ्यांना बोलाव, जेवू घाल, निरोप दे.

त्या मित्रालाही आवर. तो कानावर घालणार म्हणजे नेमकं कुणाच्या? आमच्या शाखेत कुणाच्या कानावर घातलेली गोष्ट दुपारच्या चहापर्यंत प्यूनला माहीत असायची.

एखादा रविवार बघ, सकाळचा, तिची चर्चमधली मिस आटोपल्यावर. आधी एवढंच म्हण: 'रविवारी पणजीत भाजीपाव खायला येशील? आपण दोघंच, कामाचं काही नाही.' 'दोघंच' हा शब्द गाळू नकोस, सगळी मेख तिथं आहे. तो ऐकल्यावर ती म्हणाली, 'चल, सगळ्यांना सांगूया,' तर तुला उत्तर मिळालं, आणि तिला नाही म्हणावंही लागलं नाही. 'बघूया', 'ह्या रविवारी चर्चचं फेस्त आहे', 'सांगते' आणि मग सांगत नाही, हीही उत्तरंच. आपल्या मुली तोंडावर नाही म्हणत नाहीत, तसं कुणी शिकवलेलंच नसतं. ते 'नाही' ऐकायला तुलाच कान तयार ठेवावे लागतील. आली, तर तिच्या स्कूटरनं येऊ दे. तू न्यायला-आणायला जाऊ नकोस. अठरा जून रस्त्यावर असल्या जागा पुष्कळ आहेत जिथं टेबलावरून उठलं की दोन पावलांत माणूस रस्त्यावर येतो. तसली निवड. आणि तिथं एकदाच सांग, सरळ. मोठं भाषण पाठ करून जाऊ नकोस, तुझं पत्र बघता ती भीती आहे.

नाही म्हणाली तर 'बरं केलंस सांगितलंस' एवढं म्हण, पैसे दे आणि घरी जा. सोमवारी बसमध्ये आगशीच्या आधीच तू मागच्या सीटवर बस. ती कुठं बसते ते तिचं तिला ठरवू दे. तोणाक आलं नाही तर विचारू नकोस का आलं नाही. डबा आपला आपण न्यायचा.

आईचं: चवथीनंतरचा तो कार्यक्रम तूच पुढे ढकल, कारण तूच सांग, पण आगशीच्या मुलीपुढे 'घरी घाई आहे, लवकर सांग' असं काही मांडू नकोस. घाई तुझ्या घरची आहे. धर्माचं तू विचारलं नाहीस, पण ओळींमधून दिसतंय. ते फार पुढचं पान. एवढंच सांगते की गोव्यात हिंदू असो, ख्रिश्चन असो, मुसलमान असो, लग्नाची नोंद सिव्हिल रजिस्ट्रारकडेच होते आणि सही दोनदा करावी लागते. कायद्याला अडचण नाही. आत्यांना असेल. पण मुलीनं अजून तुझ्याबरोबर भाजीपाव खाल्लेला नाही, तू सह्यांपर्यंत कुठे पोचतोस?

प्रश्न: ताई, मी फोंड्यात एका ऑफिसात कामाला आहे, वय २४. आम्ही सातच माणसं. आमचे वरिष्ठ रात्री मेसेज करतात: जेवलीस का, आज साडी छान होती, एकटीच आहेस का. मी दोनदा सांगितलं, सर, कामाचं असेल तरच मेसेज करा. तरी चालूच. मी सभ्यपणा म्हणून कधी कधी हसरा चेहरा पाठवला आहे. आता तक्रार केली तर ते तोच दाखवतील ना? आणि एवढ्याशा ऑफिसात तक्रार करायची कुणाकडे?
— नाव देत नाही, फोंडा

उत्तर: बाय, वरच्या मुलानं अजून एकदाही विचारलेलं नाही आणि त्याला झोप लागत नाही. तुझ्या वरिष्ठांना तू दोनदा सांगितलं आहेस आणि त्यांना छान झोप लागतेय. या दोन गोष्टी एका पानावर आल्या हा योगायोग, पण वाचणाऱ्यांनी दोन्ही वाचाव्यात.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ चा आहे. त्यात कळीचा मुद्दा एकच: ते वागणं बाईला नकोसं होतं का. तू नको म्हटलं आहेस, तेही दोनदा. जिथं दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथं मालकानं अंतर्गत समिती नेमायची असते. तुमच्याकडे सातच, म्हणून तुझी तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी कर, तिचा पत्ता मिळेल. तक्रार लेखी द्यायची, शेवटचा प्रकार घडल्यापासून तीन महिन्यांच्या आत. कारण पटण्यासारखं असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते, पण त्या भरवशावर राहू नकोस. लिहिणं जमत नसेल तर लिहायला मदत करणं हे समितीचं काम आहे. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. त्या काळात बदली किंवा रजा मागता येते आणि ती रजा तुझ्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत.

मेसेज एकही पुसू नकोस. तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट काढ आणि बहिणीच्या किंवा मैत्रिणीच्या फोनवर पाठवून ठेव. यापुढे उत्तर देऊ नकोस. तिसऱ्यांदा सांगायची गरज नाही.

आणि त्या हसऱ्या चेहऱ्याचं मनाला लावून घेऊ नकोस. दाखवू देत त्यांना. त्या दिवशी फेरी धक्क्याला लागली, फळी पडली, आणि उतरता उतरता मीही त्या हेड कॅशियरला म्हटलं होतं, 'येते हं.'